यात एक चूक काढून दाखवा

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावच्या बाजारओळीत अंजूचं जनरल स्टोअर्स आहे. टिकल्या-बांगड्या, शाळेच्या वह्या, थर्मास, लग्नात द्यायचे डिनर सेट, असलं सगळं तिथे मिळतं. नवरा गजेंद्र कापसाच्या सौद्यांसाठी सकाळीच जिनिंगवर जातो, त्यामुळे दुकान अंजूच्या गळ्यात. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. त्या दोन तासांत ती कादंबऱ्या वाचते, आणि त्याही खुनाच्या.

नुसतं 'खुनाच्या' म्हटलेलं तिला खपत नाही. शेवटच्या पानावर सगळ्यांना एका खोलीत बसवून कुणी हुशार माणूस खुनी दाखवून देतो, तसल्या गोष्टी तिने कॉलेजात असतानाच सोडल्या. तिला आवडतात त्या अलीकडच्या. त्यांत तपास करणारा स्वतःच अर्धा विकला गेलेला असतो, साक्षीदार ऐनवेळी फिरतो, आणि ज्याने खून केला तो शेवटी गावच्या गणेशोत्सवाचा अध्यक्ष होतो. या जातीला 'नॉयर' म्हणतात असं तिच्या नागपूरच्या पुस्तकवाल्याने सांगितलं होतं. अंजू 'काळ्या कादंबऱ्या' म्हणते. मराठी, हिंदी, भाषांतरित, मिळून साठेक जमल्या आहेत. गिफ्ट पॅकिंगच्या कागदांमागे एक लांब फळी आहे, त्यावर त्या असतात.

वाचण्याची अडचण नव्हती, अडचण असायची वाचून झाल्यावर. चांगली कादंबरी संपली की दोन दिवस तिला दुसरं काही सुचत नसे. कुणाला तरी सांगावं, 'हे वाचच' म्हणून हातात कोंबावं, असं वाटे. पण कुणाच्या? गजेंद्र म्हणे, "येवढं वाचून राह्यली तू, येक दिवस माह्याच चहात काईतरी टाकशीन." जाऊ सुरभीने एक नेली आणि वीस पानांत परत आणली. "यात चांगलं कोनीच नाई काय वं?" वर्ध्याच्या एका वाचक मंडळात अंजू मोठ्या आशेने गेली. तिथल्या निवृत्त प्राध्यापकांनी तिचं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, दोन बोटांनी टेबलावर सरकवलं आणि म्हणाले, "आपण इथे साहित्यावर बोलतो." परतीच्या पॅसेंजरमध्ये ती सिंदी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होती.

अशी चौदा वर्षं गेल्यावर बंडूजी जमादार दुकानात आले, नातीच्या वाढदिवसाला कंपासपेटी घ्यायला. जमादार म्हणजे हवालदार. नोकरीतून निवृत्त होऊनही हिंगणीत, त्यांच्या गावी, त्यांना त्याच नावाने हाक मारत. वय अडुसष्ट, केस बारीक कापलेले, सदऱ्याच्या खिशात पेन्सिल. मुलगी सपना सिंदीत दिलेली, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी फेरी असायची. काउंटरवर अंजूचं पुस्तक पालथं पडलेलं होतं. ते उचलून त्यांनी उभ्या उभ्या पानभर वाचलं.

"ह्या इन्स्पेक्टरनं प्रेत विहिरीतून वर काढलं," ते म्हणाले, "पन दोर जप्तच नाई केला."

अंजू स्टुलावरून उठलीच. तिच्या पुस्तकाबद्दल आपणहून बोललेलं हे पहिलं माणूस.

"घेऊन जा काका," ती म्हणाली. "पुरं वाचा अन मंग सांगा."

आठ दिवसांनी पुस्तक परत आलं. समासात जागोजागी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. 'पंच कुठे?' 'पंचनाम्याची सुरू वेळ आहे, बंद वेळ नाही.' 'प्रेताच्या व्हिसेराचा लॅबचा अहवाल चार दिवसांत येत नसतो.' मागच्या कोऱ्या पानावर बेरीज होती : एकूण चुका एकतीस.

"पन कशी वाटली तुमाले?" अंजूने विचारलं.

"सांगतलं न. एकतीस."

"अवो काका, ती बाई नवऱ्याले वाचवासाठी खोटं बोलते, अन मंग तोच तिले सोडून जाते, त्याचं काई नाई वाटलं?"

"तिचा जबाब दुसऱ्यांदा घ्याले पाह्यजे होता," बंडूजी म्हणाले.

अंजूने फळीवरून दुसरं काढलं. मग तिसरं. नावं दोघांच्याही लक्षात राहत नसत, म्हणून एक विमा एजंटवाली, एक शवागारातल्या बाईची, एक धरणावरच्या चौकीदाराची, अशी बोलण्यातली नावं पडली. विमा एजंटवालीत बावीस चुका निघाल्या. शवागारवालीत एकोणीस, कारण त्यातला डॉक्टर नियमाने वागत होता. धरणवालीत चव्वेचाळीस निघाल्या, आणि ते पुस्तक त्यांनी असं आपटलं की टिकल्यांची पाकिटं खाली पडली. "खोटंच लिहाचं तर यात पोलीस कायले घालते? दुसरं कोनी घाला!"

"ही कादंबरी हाय काका, केस डायरी नाई!"

"मंग पंचनामा म्हणू नये त्याले."

त्या दिवशी घरी ती भाकरी थापताना इतक्या जोरात थापत होती की गजेंद्र आत डोकावला. "त्याईले वाचताच येत नाई!" ती म्हणाली. "मी कुठची गोष्ट सांगून राह्यली, हे कुठं दोर मोजून राह्यले!"

"मंग देऊ नको न," गजेंद्र म्हणाला.

पण ती देत राहिली. एखादा पाहुणा प्रत्येक भाजीला नाव ठेवतो आणि ताट मात्र पुसून खातो, तसले ते वाचक होते. एक पान सोडत नसत. पुढचं मागितल्याशिवाय जात नसत. पुस्तकं परत करताना दरवेळी एक वाक्य ठरलेलं असे. नोकरीतली बहुतेक वर्षं ते ठाण्यात रायटर होते, म्हणजे सगळे कागद लिहिणारे. "माह्या हातचा पंचनामा कोर्टात कधी पडला नाई," ते म्हणत. अंजूला ते वाक्य ऐकून ऐकून वीट आला होता.

मग तिने हट्टच धरला. ज्यात या माणसाला एकही चूक सापडणार नाही असं पुस्तक शोधायचं. नागपूरच्या पुस्तकवाल्याला तिने चार वेळा फोन केला. चौथ्यांदा तो म्हणाला, एक नवीन आलीय, लेखकाची पंचवीस वर्षं कोर्टात कारकुनी झालेली आहे.

ती अंजूने दोन दुपारींत वाचून काढली. छोट्या गावातलं ठाणं. गोदामाचा चौकीदार मारला जातो. वरून दबाव, पेपरात बातम्या, आणि कुणाला तरी धरायलाच हवं. नाल्याकाठी राहणारा एक सायकल दुरुस्तीवाला धरला जातो. त्याच्या घरात हत्यार सापडल्याचा पंचनामा ठाण्यातला एक शिपाई टेबलाशी बसून, चहा पीत, त्या घराकडे न जाता लिहितो. पंचांनी कोऱ्या कागदावर आधीच सह्या केलेल्या असतात. कागदाचा रंग, शिक्क्याची जागा, कलमं, वेळा, सगळं चोख. वाचताना अंजूच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी तिला आनंदही झाला.

"घ्या," तिने पुढच्या फेरीला बंडूजींच्या हातात पुस्तक ठेवलं. "यात एक चूक काढून दाखवा."

"पाहू," ते हसून म्हणाले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना झाला. सपना दुकानात पिना घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "बाबाची तब्येत बरी हाय ताई, येऊन नाई राह्यले बस." अंजूने फोन लावला. "वाचून राह्यलो," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. पुढच्या वेळी उचललाच नाही. आता तिचं डोकं फिरलं. चूक सापडत नाही म्हणून माणूस तोंड लपवतो? चौदा वर्षांनी एक वाचक मिळाला, आणि हरायची वेळ आली तर पळाला! बरं, नवं कोरं पुस्तक, तेही घरात दाबून बसलेला.

दुकान बंद असण्याच्या दिवशी ती सेलूची बस धरून, तिथून ऑटोने हिंगणीला गेली. बंडूजी अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांची बायको लीलाबाई समोर सूप घेऊन बसली होती. अंजूला पाहून लीलाबाई उठली. "येवं माय, बस. पानी आनते." बंडूजींनी मान वर केली नाही.

"काका, पुस्तक न्याले आली मी," अंजू म्हणाली. "अन तुमी बोलून काऊन नाई राह्यले?"

ते आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. मध्यावर एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं होतं. समास सगळे कोरे होते.

"कोनी सांगतलं तुले?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मुद्दाम देल्लं न हे तू मले? कोन बोललं तुह्याजवळ? खरं सांग."

अंजूला काही कळेना. "कोनी काई नाई बोललं. तुमाले चूक नाई भेटली पाह्यजे म्हणून देल्लं."

ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. पोलिसाची नजर होती ती. मग तिच्यावर विश्वास बसला असावा, कारण ते एकदम बाजेवर बसले आणि शेंगांकडे पाहत बोलायला लागले.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. जिल्ह्याबाहेरचं ठाणं, नाव त्यांनी घेतलं नाही. एका गावात चोरी झाली आणि राखणदार मेला. साहेबांनी एका माणसाला धरलं, चंद्रभान नावाच्या, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या. त्याच्या घरातून लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, मिळाल्याचा पंचनामा बंडूजींनी लिहिला. त्याच्या घरी ते कधी गेलेच नव्हते. 'राहते घराचे उत्तरेकडील भिंतीलगत,' असं त्यांनी लिहिलं. त्या घराला उत्तरेकडे भिंतच नव्हती, तिकडे उघडा गोठा होता. वकिलाने ते कोर्टात काढलं तेव्हा चंद्रभान चौदा महिने तुरुंगात काढून बसला होता.

"तो सुटला," बंडूजी म्हणाले. "माही बदली झाली. त्याच्या मांगून मी येकही पंचनामा जागेवर गेल्याशिवाय नाई लिहिला. येकही नाई पडला त्याच्या मांगून."

लीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. "मले नाई सांगतलं कधी," ती म्हणाली. "सत्तावीस वर्सं झाली." तिने तांब्या तिथेच उंबऱ्यावर ठेवला आणि आत निघून गेली.

अंजूला तिथून उठून पळावंसं वाटलं. तिला पुस्तकावर बोलायचं होतं. हे तिने मागितलं नव्हतं.

"तू वाचलं न पुरं?" बंडूजींनी विचारलं. "मी अर्ध्यातच थांबलो. त्या शिपायाचं शेवटी काय होते?"

शेवट कुणाला सांगायचा नाही, हा तिचा कडक नियम. सुरभीने विचारला तरी ती सांगत नसे. पण त्यांचं तोंड पाहून तिने सांगितला. "काईच होत नाई. रिटायर होते. ठाण्यात सत्कार होते त्याचा. शाल अन नारळ."

"मलेही देल्लं," बंडूजी म्हणाले. "शाल, नारळ, अन भिंतीवरचं घड्याळ." मग एकदम चिडले. "मंग हे काय पुस्तक झालं? तो जात नाई त्या मानसाकडं? बोलत नाई काई?"

"नाई जात."

"जाले पाह्यजे होता! लेखकाले समजाले नको?"

इतक्या महिन्यांचा राग अंजूच्या तोंडून बाहेर पडला. "सगळं पुस्तकानंच कराचं काय काका? तुमी जा न मंग! तुमाले कोन अडवून राह्यलं?"

बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. पुस्तक पिशवीत टाकून ती निघाली. लीलाबाई बाहेर आलीच नाही.

तीन आठवड्यांनी, बरोबर दुपारच्या निवांत वेळी, बंडूजी दुकानात आले. चेहरा उतरलेला. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "गेलतो मी. आर्वीले."

चंद्रभानचा पत्ता त्यांनी जुन्या ओळखीतून काढला होता. सुटल्यावर गावात राहणं जमलं नाही म्हणून तो सासुरवाडीला, आर्वीला येऊन राहिला होता. बाजार समितीच्या रस्त्याला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. बंडूजी गेले तेव्हा तो तांब्याची तार गुंडाळत होता. त्याने ओळखलं नाही. मोटार आणली का, म्हणून विचारलं. बंडूजींनी नाव सांगितलं तेव्हा त्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. सगळं ऐकून घेईपर्यंत त्याने वर पाहिलं नाही.

"अन मंग?" अंजूने विचारलं.

"म्हणे, तोंडानं बोलू नका. लिहून द्या. तवाही कागदावरच लिहिलं होतं न तुमी, आता हेही कागदावरच लिहा." बंडूजींनी रुमालाने मान पुसली. "घरी बसलो लिहाले. चार दिवस झाले. होऊन नाई राह्यलं. लीला बोलत नाई माह्यासंग. पेन्शनचंही भेव वाटते, खोटं नाई सांगत. तू येवढं वाचते. सांग कसं लिहू."

अंजूने वही फाडून चार कागद पुढे ठेवले. बंडूजींनी चष्मा लावला आणि लिहायला सुरुवात केली. अक्षर सुरेख होतं. तिने उलटं वाचलं. 'आज रोजी मी खाली सही करणार असे लिहून देतो की, सदर गुन्ह्याचे तपासकामी सदर इसमाचे राहते घराचा पंचनामा ठाण्यात बसून तयार करण्यात आला होता.'

"करन्यात आला?" अंजू म्हणाली. "कोनी केला?"

"म्हंजे मीच."

"मंग तसं लिहा."

त्यांनी खोडलं. दुसऱ्या कागदावर पुन्हा 'वरिष्ठांचे आदेशान्वये' आलं, 'सदर इसम' आला, 'अनवधानाने' आला. अंजूने त्या शब्दावर बोट आपटलं. "अनवधानानं? अनवधानानं सब्बल सापडते काय कुठं?"

"असंच लिहाची सवय हाय पोरी. दुसरं येत नाई मले."

"त्याचं नाव काय?"

"चंद्रभान."

"तेच लिहा. 'सदर' काढून टाका."

एक बाई मेंदीचे कोन मागायला आली, अंजूने तिला उद्या या म्हणून परत पाठवलं. चौथ्या कागदावर जे उतरलं ते सात ओळींचं होतं. 'चंद्रभान, मी तुझ्या घरी गेलो नव्हतो. तुझ्या घराला उत्तरेकडे भिंत नाही हे मला माहीत नव्हतं. सब्बल मी लिहिली, ती तिथे नव्हती. साहेबांनी सांगितलं हे खरं, पण लिहिलं मी.' पुढे चौदा महिन्यांचं एक वाक्य होतं. शेवटी पूर्ण नाव, हुद्दा, सही, तारीख. सवयीने त्यांनी वेळही घातली, चार वाजून दहा मिनिटं. तेवढी अंजूने राहू दिली.

दुसऱ्या दिवशी कागद आर्वीला गेला. चंद्रभानने तो दोनदा वाचला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि "ठीक हाय" म्हणाला. बसा म्हणाला नाही. त्या कागदाचं पुढे काय केलं, कुणाला दाखवला की नाही, ते बंडूजींना अजूनही माहीत नाही. पेन्शन चालू आहे. लीलाबाई दोन महिन्यांनी बोलायला लागली, तेही आधी फक्त जेवायला वाढताना.

अंजूने मध्यंतरी एक नवी कादंबरी सपनाबरोबर हिंगणीला पाठवली. ती तशीच परत आली. 'आता नको,' असा निरोप होता. तिला धक्का बसला, मग संताप आला. माणसाला वाचकच राहू देत नाही असलं पुस्तक आपण आपल्या हाताने दिलं!

श्रावणात एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मी चंद्रभान बोलून राह्यलो, आर्वीवरून. जमादारानं तुमचा नंबर देल्ला. ते पुस्तक पाह्यजे मले, ज्याच्यानं तो माह्याकडं आला ते."

अंजूने त्याच संध्याकाळी आर्वीला निघालेल्या ओळखीच्या माणसाकडे पुस्तक दिलं. बारा दिवसांनी पुन्हा फोन. अंजूने पहिल्याच रिंगला उचलला.

"वाचलं?"

"पुरं वाचलं. कागदपत्र बरोबर हाय. आतलं, तुरुंगातलंही बरोबर हाय."

"मंग आवडलं तुमाले?"

"ताई, माही बायको कोकिळा. मी आत होतो तवा गावात तिले कोनी हातपंपावर पानी भरू नाई देल्लं. दर पंधरा दिवसांनी एसटीनं भेटीले येवाची, अन काई झालं नाई असं सांगून जावाची. ह्या पुस्तकात त्या सायकलवाल्यालेही बायको हाय. तिच्यावर येक पान नाई."

अंजूने ते पुस्तक दोनदा वाचलं होतं, गावभर त्याची तारीफ केली होती. तिला ती बायको आठवतच नव्हती. चंद्रभानने सांगितल्यावर आठवली, दारात उभी, हातात कंदील, नाव नसलेली.

"आनखी येक पाठवा तुमी," चंद्रभान म्हणाला. "दुकानात दुपारी काम नसते मलेही. पन त्यात घरच्या बाईचं असलं पाह्यजे काई. ती बोलली पाह्यजे."

"पाठवते," अंजू म्हणाली.

तिने फोन ठेवला आणि फळीवरची पुस्तकं एकेक करून खाली काढायला घेतली. विमा एजंटवालीत बायको पहिल्याच प्रकरणात मरते. धरणवालीत फक्त रडते. शवागारवालीतली बाई बोलते, पण ती एकटी राहते, घरचं कुणी आत गेलेलं नाही. पाच वाजेपर्यंत साठच्या साठ पुस्तकं काउंटरवर आली. डिनर सेट बघायला आलेल्या नवरा-बायकोला बोट ठेवायला जागा उरली नाही. पाठवण्यासारखं एकही पुस्तक अंजूला सापडलं नव्हतं. ती दातओठ खात नागपूरच्या पुस्तकवाल्याचा नंबर फिरवत होती.